मागच्या जिन्याची चोरी

१

भवानी पेठेतल्या काशम्मांचा मागचा जिना चोरीला गेला.

दागिना नव्हे, मोटारसायकल नव्हे. जिना. बोळाच्या अंगानं पहिल्या मजल्यापर्यंत चढणारा, लोखंडी, कठड्यासकट. काशम्मा चौकीत सांगायला गेल्या तेव्हा तिथला हवालदार पेन खाली ठेवून म्हणाला होता, "आज्जी, जिना गेला का जिन्यावरनं काय गेलं? नीट सांगा."

"जिनाच की रे बाबा," काशम्मा म्हणाल्या होत्या. "जिन्यावरनं जायाला आता राहिलंय काय?"

सोमवारी सकाळी चंद्रिका बिराजदार त्या बोळात उभी राहून वर बघत होती. वर हिरवं दार होतं. दाराखाली काही नव्हतं. भिंतीवर नुसता एक तिरका पट्टा उरला होता, उन्हापावसाचा हात न लागलेला, जिन्यानं जाताना आपली सावली तेवढी मागं ठेवावी तसा.

चंद्रिका महापालिकेच्या झोन कार्यालयात परवाना निरीक्षक. घरात मुली किंवा मुलं भाड्यानं ठेवायची तर आता परवाना लागत होता, आणि त्यातली एक अट अशी होती की तिथं कुणाची विनवणी चालत नव्हती. आग लागली, तर पळायला दुसरी वाट हवी. गेल्या आठवड्यात ती येऊन गेली तेव्हा काशम्मांच्या घरात सगळं नीट होतं. खोल्या हवेशीर, मोरी स्वच्छ, भिंतीला आग विझवायचं लाल नळकांडं. एवढंच, की जिन्याच्या पायथ्याला जाळीचं फाटक होतं आणि त्याला गंजून बसलेलं कुलूप. चंद्रिकानं लेखी कळवलं होतं : मागील जिना सदैव उघडा ठेवावा.

आज ती शेवटचं बघायला आली होती, आणि आज जिनाच नव्हता. संध्याकाळी तिला उपायुक्तांपुढं अहवाल ठेवायचा होता. दुसरी वाट नाही असं तिनं लिहिलं की उद्या सकाळी घराला सील.

ती वळसा घालून पुढच्या दारी आली. आतून काशम्मांचा आवाज आला, "पायल, अगं दार काढ, मॅडम आल्या!"

दार उघडलं. उघडणारी सावळी, तरतरीत मुलगी ओठ दाबून हसत होती. कशाला हसतेय ते चंद्रिकाला कळलं नाही. सील होऊ घातलेल्या घरात कुणी हसतंय याचंच तिला नवल वाटलं.

काशम्मा साठीच्या. कपाळाला विभूतीचे पट्टे, इरकल लुगडं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. त्यांनी चंद्रिकाचा हातच धरला. "मॅडम, तुमी सांगितलं ते सगळं केलं मी. ह्या माझ्या घरात एक पोर उपाशी झोपली न्हाय, एक पोर रडत गेली न्हाय. आन् आता जिन्यापायी..."

"आधी वरचं दार बघू द्या," चंद्रिका म्हणाली. तिचं मराठी स्वच्छ, पुस्तकात छापल्यासारखं. कार्यालयात नवा माणूस आला की तिला हमखास विचारायचा, मॅडम तुम्ही पुण्याच्या का? ती नुसती मान हलवायची. अक्कलकोटपलीकडच्या गावाचं नाव तिनं बऱ्याच वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

वरच्या खोलीत तिनं हिरवं दार ढकललं. ते बोटभर सरकलं आणि अडलं. फटीतून तिनं पाहिलं. दाराच्या बाहेरच्या कडीला तार होती, पक्की पीळ देऊन बांधलेली.

"ही तार तुम्ही बांधलीत?"

"न्हाय की!" काशम्मा म्हणाल्या. "जिना न्हाय म्हटल्यावर बाहेरनं कोण बांधणार? हवेत उभं राहून?"

चंद्रिका दारापाशी थबकली. चोरानं जिना नेला होता. आणि नेण्याआधी, कुणी पोरीनं झोपेत दार उघडून खाली पाय टाकू नये म्हणून, दार बाहेरून बांधून घेतलं होतं.

२

"असा मायाळू चोर मी पहिल्यांदाच बघतेय," चंद्रिका म्हणाली.

ती पुन्हा बोळात आली होती. सोबत पायल. ही सांगोल्याकडची, चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला. आज तिनं रजा टाकली होती. काशम्मांच्या घरात अशा आठ-नऊ जणी राहत. कुणी दवाखान्यात नर्स, कुणी कपड्याच्या दुकानात, कुणी परीक्षेचा अभ्यास करणारी.

"मॅडम, हे बघा." पायलनं भिंतीतल्या खिळ्यावर टांगलेलं गाठोडं दाखवलं. जुन्या धोतराच्या फडक्यात जिन्याचे सगळे नट-बोल्ट बांधलेले होते, तेल पुसलेले. भिंतीतली भोकं चिंध्यांनी बुजवलेली. जिन्याच्या तळाशी काशम्मांच्या तुळशीच्या आणि गवती चहाच्या कुंड्या असायच्या. त्या एका रांगेत भिंतीकडेला लावलेल्या. एकही फुटली नव्हती.

"कापला नाही, तोडला नाही. खोलून नेलाय," चंद्रिका म्हणाली. "आवाज झाला असणार. कुणी कसं ऐकलं नाही?"

"काल पाण्याचा दिवस हुता की."

एवढं पुरेसं होतं. पेठेत पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या सकाळी सगळी पेठ पुढच्या दारी असते. घागरी, पिंपं, पाइपा, दर घरात मोटारीची घरघर, आणि त्यावरून भांडणाऱ्या बायकांचा आवाज. मागून कुणी अख्खं घर उचलून नेलं असतं तरी पाणी गेल्यावरच कळलं असतं.

"कुणाला हे घर बंद पडायला हवंय?" चंद्रिकानं विचारलं.

पायलनं आवाज बारीक केला. "शेजारचं सिद्धाप्पा काका. जिना त्यांच्या बोळात येतो म्हणून त्यांनीच तर अर्ज दिला हुता तुमच्याकडं. आन् दुसरं..." ती घुटमळली. "सोमेशदादा. काशम्मा अव्वांचा मुलगा. पुण्याला असतो. शनिवारीच आलाय. त्याला हे घर विकायचंय."

"आणि तू?"

"मी?"

"वर तुझ्या खाटेखाली पिशवी भरून ठेवलेली दिसली. चादरीची घडीसुद्धा आत. कुठं निघालीस?"

पायल खाली बसली आणि उगाच गवती चहाची पात खुडू लागली. "आबा संध्याकाळच्या गाडीनं येणार हायत न्यायला. घर बंद पडणार म्हणून कळलंय त्यास्नी. म्हणाले, ही खोली सुटली की दुसरी शोधायची न्हाय. गावाकडं ये." खुडलेली पात तिनं बोटाला गुंडाळली. "गावाकडं गेलं की पुन्हा यायचं न्हाय, मॅडम. तिथं सगळं ठरल्यालं हाय. मुलगा, वार, मांडव."

मग एकदम तिनं गुणगुणल्यासारखं म्हटलं :

"लेकीच्या गं घराला, दारं असावीत दोन,
एक आल्या-गेल्यासाठी, एक जिवाला राखून."

"कुणाची ओवी?"

"चाल माज्या आज्जीची, बजाबाईची. जात्यावरची. शब्द माजं." ती उठली, हात ओढणीला पुसले. "तुमची ती अट वाचली तवा सुचलं. म्हटलं, सरकारलाबी ओवी कळती की."

चंद्रिकाला हसू आलं. ती खाली वाकून जमीन बघू लागली. जिथं जिना होता तिथं तेलाचा एक काळा डाग होता, स्कूटरखाली पडतो तसा. डागावर गंजाचे लालसर पोपडे पडलेले.

"इथं कुणाची गाडी उभी असते?"

"सिद्धाप्पा काकांची. कायम जिन्याखाली, सावलीला."

स्कूटर आता समोरच्या भिंतीला होती. हँडल लॉक केलेलं. चंद्रिकानं डागावरचा एक पोपडा नखानं उचलला. गंज तेलाच्या वर पडला होता. म्हणजे जिना हलायला लागला तेव्हा गाडी तिथं नव्हती. कुणीतरी किल्लीनं लॉक काढून ती आधीच बाजूला घेतली होती, आणि किल्ली एकाच माणसाकडं होती.

३

पण आधी सोमेश भेटला. तो ओसरीवर पाण्याच्या मोटारीपुढं बसला होता, हात कोपरापर्यंत काळे.

"ग्रीस आहे," तो आपणहून म्हणाला. "मोटारीचं. काल पाणी यायच्या वेळी नेमकी अडकली. अख्ख्या गल्लीनं मला शिव्या खाताना बघितलंय, विचारा कुणालाही."

"घर विकायचं म्हणता?"

"म्हणतो की. आई एकटी, गुडघे गेलेत, आठ पोरींचा स्वयंपाक करते. माझ्याकडं चल म्हटलं तर म्हणते, तुझ्या फ्लॅटात मला बोलायला कोण आहे, लिफ्ट?" त्यानं पान्हा खाली टाकला. "परवाना मिळाला नसता तर मला बरंच वाटलं असतं, खोटं कशाला बोलू. पण आईचा जिना चोरून? मॅडम, तो जिना बसवायला मीच हिंदुरावांना आणलं होतं."

"हिंदुराव कोण?"

उत्तर काशम्मांनी आतून दिलं. ज्वारीच्या पिठाचे हात तसेच घेऊन त्या उंबऱ्यात आल्या. "वेल्डिंगवाले. चिंचोळीच्या वाटेला त्यांची शेड हाय. चांगला माणूस. तुमचा कागद आला तवा त्यांनाच फोन केला मी. कुलूप गंजलेलं, माझ्यानं कुठलं निघतंय? म्हटलं, तुमीच करून जावा."

"ते आले होते?"

"माणसं पाठवली असतील काल. पाण्याच्या गडबडीत मी मागं गेलेच न्हाय. दुपारी पायल बोंबलत आली, जिना न्हाय म्हणून. लगेच फोन लावला हिंदुरावांना. तर म्हणाले, तुमी सांगितलं तसं करून ठेवलंय. म्हणजे फाटक मोकळं केलं आन् मग चोर शिरला, दुसरं काय! मी रडतेय, आन् ते मला सांगतात काळजी करू नका. त्यांना काय जातंय म्हणायला!"

"काय करायला सांगितलं होतं त्यांना?"

"तुमच्या कागदात हुतं तेच की. पायलनं वाचून दाखवलं, मी तेच सांगितलं."

चंद्रिकानं हिंदुरावांचा नंबर फिरवला. फोन बंद. सांगोल्याच्या बाजाराला गेलेत, सोमेश म्हणाला, शेळी घ्यायची होती त्यांना.

मग ती सिद्धाप्पांच्या दारात गेली. सिद्धाप्पांचे चादरीचे माग कधीच बंद पडले होते, पण बसायची जागा तीच होती, मागाच्या खड्ड्याच्या काठावर. समोर कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी.

"मला काय ठाऊक न्हाय," ते चंद्रिका काही विचारायच्या आत म्हणाले. "मी पाणी भरत होतो."

"काका, तुमची गाडी रोज जिन्याखाली असते. काल जिना निघायच्या आधी तुम्ही ती बाजूला घेतलीत. स्वतःच्या किल्लीनं."

सिद्धाप्पांनी भाकरीचा तुकडा बशीत ठेवला. मग म्हणाले, "बसा."

ती बसली.

"माणसं आली होती. टेम्पो घेऊन. चोरासारखी न्हाय हो, कामाची माणसं. पान्हे, दोर, शिडी. एक जण मला म्हणाला, काका, गाडी जरा बाजूला घेता का, वरनं काय पडलं तर डेंट येईल. आता एवढ्या रीतीनं कुणी सांगितलं तर न्हाय कसं म्हणायचं? घेतली. कुंड्या पण त्यांनीच उचलल्या, एकेक, लेकरासारख्या."

"तुम्ही विचारलं नाहीत, जिना कुठं नेताय?"

"विचारलं की."

"मग आत्तापर्यंत बोलला का नाहीत? काशम्मा चौकीत जाऊन आल्या!"

"कसा बोलणार?" सिद्धाप्पांनी पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ पाहिलं. "मी अर्ज दिलेला. माझ्याच अर्जानं त्या बाईचा जिना गेला, ते मी तिच्या तोंडावर सांगू? जिना नको होता मला. तिचं घर बंद पडावं असं मी कुठं म्हटलं होतं? शेजारीण हाय ती माझी. दर सणाला पोळी येते तिच्याकडनं."

"तुमच्या अर्जावर अजून काहीच निर्णय झालेला नाही, काका."

"असं कसं?" म्हातारा चमकला. "त्या माणसांनी मला साफ सांगितलं. म्हणाले, झोन ऑफिसातनं आलंय, बिराजदार मॅडमचा हुकूम हाय." त्यांनी बोट रोखलं. "म्हणजे तुमीच की!"

४

आपल्या नावानं कुणीतरी जिना पळवला, हे चंद्रिकाला दुपारभर पचलं नाही.

ती काशम्मांच्या माजघरात बसून विचार करत होती. अहवालाचा कागद मांडीवर कोरा. ज्याला हे घर बुडवायचं, तो दाराला तार बांधत नाही. नट-बोल्ट फडक्यात बांधून ठेवणारा माणूस जिना परत बसवायच्या बेतात असतो. आणि हुकूम? तिनं एकच हुकूम दिला होता. जिना उघडा ठेवा.

उघडा ठेवा. तीन वेळा तिनं ते मनात म्हणून बघितलं. त्यात काढून न्या असा अर्थ कुठूनही निघत नव्हता.

कार्यालयातून फोन आला. उपायुक्त विचारत होते, पेठेतल्या त्या घराचं काय झालं? उद्या सकाळी सीलचं पथक तिकडं धाडायचं का? "संध्याकाळपर्यंत सांगते," चंद्रिका म्हणाली. समोर काशम्मा तव्यावरची भाकरी उलटत होत्या. त्यांनी ऐकलं नव्हतं असं दाखवलं, पण भाकरी करपली.

काशम्मा भाकरी कधी करपू देत नव्हत्या, हे पायलच्या चेहऱ्यावरून कळलं.

"धूर कोंडलाय," काशम्मा खाकरल्या. "पायल, ते पुढचं दार काढूनच ठेव गं. वारं येऊ दे. पोरी बी येतील आता दवाखान्यातनं."

"काढून कुठं ठिवू, अव्वा?" पायल उठता उठता म्हणाली. "माळ्यावर?"

"गप गं! रोज रोज काय तेच."

पायलनं दार सताड उघडलं आणि मिटू नये म्हणून खाली दगड लावला. भर्रकन वारं आत आलं. चंद्रिकाच्या मांडीवरचा कागद उडून भिंतीला जाऊन चिकटला.

ती कागदाकडं बघत नव्हती. ती दाराकडं बघत होती.

काढून ठेवलेलं दार. जागच्या जागी, बिजागरीला घट्ट, सताड उघडं.

तिला एक दुसरी खोली आठवली. पुण्यातलं वसतिगृह, तिचं पहिलं वर्ष, बाहेरून दारावर टकटक आणि तिचं ओरडणं, "कुणीतरी दार काढा गं!" आणि आतल्या मुलींचा हशा. काढून कुठं ठेवू, खिशात? वर्षभर तिला त्या 'दारकाढी' म्हणत. त्यानंतर तिनं एकेक शब्द घासूनपुसून घेतला होता. घरी आई कानडीत 'बागला तगी' म्हणायची. बागला म्हणजे दार. तगी म्हणजे उघड, आणि तगी म्हणजे काढही. कानडीत दोन्हीला शब्द एकच. त्या एका शब्दाचं बोट धरून कानडी घरं मराठीत येतात, आणि दार काढतात, खिडकी काढतात. मराठी माणूस हसतो आणि उघडतो, कारण दार काही कुणी खरंच उखडत नाही.

सकाळपासून काशम्मा तिच्यासमोर दारं काढत होत्या. सांगोल्याच्या पायलला ते खटकत होतं, म्हणून ती हसत होती. चंद्रिकाच्या कानाला ते खटकलंच नव्हतं. ते तिच्या आईचं बोलणं होतं.

"अव्वा," ती म्हणाली, आणि मॅडमच्या तोंडून कानडी अव्वा ऐकून काशम्मांनी चमकून वर पाहिलं. "हिंदुरावांना फोनवर काय म्हणालात? नेमके शब्द सांगा. जसेच्या तसे."

"काय म्हणणार? तुमच्या कागदातलंच." काशम्मांनी कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "म्हटलं, हिंदुराव, बिराजदार मॅडमचा हुकूम हाय. मागचा जिना काढून ठेवा."

पायलच्या हातातला पाण्याचा तांब्या तिथंच थांबला.

"अगं बया," ती म्हणाली.

५

चिंचोळीच्या वाटेवरच्या शेडमध्ये जिना दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला होता, आजारी माणसाला निजवावं तसा. सोमेशच्या गाडीवरून उतरून चंद्रिकानं त्याला हात लावला आणि हात हिरवा झाला.

"वल्ला हाय, मॅडम!" आतून मिस्त्री ओरडला. "मालक म्हणाले काढून ठेवा. काढला, ठेवला. आता ठेवलाय तर नुसता कशाला ठेवायचा, म्हणून गंज घासला, रंग मारला."

तेवढ्यात टेम्पो आत शिरला. हिंदुराव उतरले. मागं हौद्यात एक पांढरी शेळी, सांगोल्याच्या बाजारातली, सगळ्यांकडं तुच्छतेनं बघत उभी. सगळी हकिगत ऐकून हिंदुराव टेम्पोच्या चाकावरच टेकले.

"मला वाटलंच हुतं!" ते म्हणाले. "म्हटलं, आधी बसवा म्हणाले आन् आज काढा म्हणत्यात? पर महापालिकेचं काय सांगावं, आज बसवा, उद्या काढा. त्यात सिद्धाप्पाचा अर्ज मला ठाव हुता. म्हटलं, जिना बोळात येतो म्हणून आदेश आला आसंल. बाई कशाला उगाच सांगतील?"

"पण अव्वांनी तुम्हाला फोन केला होता काल. जिना गेला म्हणून."

"केला की! बाई रडत हुत्या, जिना गेला वो, जिना गेला. मी म्हटलं, तुमी सांगितलं तसं करून ठिवलंय, जिना माज्याकडंच हाय, रंग देऊन ठिवतो, काळजी करू नका. तितं बाजारात शेरडं ह्ये वरडत हुती, मला माजंच ऐकू येईना. मग ब्याटरी गेली."

"त्यांना 'माझ्याकडंच' ऐकू आलं नाही," चंद्रिका म्हणाली. "त्यांनी 'सांगितलं तसं केलं' आणि 'काळजी करू नका' एवढंच ऐकलं."

हिंदुरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग उठले. "चला रं, उचला! शेळी ऱ्हाऊ द्या तशीच, आता उतरवायला टाइम न्हाय."

बोळात टेम्पो वळला तेव्हा सिद्धाप्पा दारातच होते. हिंदुरावांनी तोंड उघडायच्या आत त्यांनी खिशातनं किल्ली काढली. "घेतो, घेतो बाजूला. दर दिवसाला हेच काम दिसतंय मला." गाडी सरकवून ते परत आले आणि एका बाजूनं जिन्याला हात लावला. कुणी सांगितलं नव्हतं. चंद्रिकानं टेप लावून जिना कुठवर येतो ते मापलं. तो काशम्मांच्या हद्दीतच बसत होता, आणि सिद्धाप्पांनी ते माप स्वतः वाकून बघितलं. "बसतोय की," ते म्हणाले, "मग माझा अर्ज कसला?" आणि तुळशीची कुंडी उचलून जागेवर ठेवली.

नट-बोल्ट त्या धोतराच्या गाठोड्यातून एकेक निघाले आणि आपापल्या भोकात गेले. शेडमध्ये राहिलेलं जाळीचं फाटक तिथंच राहू दे असं चंद्रिकानं सांगितलं. मिस्त्रीनं शिडीवरून वरची तार सोडली. तेवढ्यात टेम्पोचा फाळका सैल झाला, आणि ती पांढरी शेळी खाली उडी मारून कुणाच्या हाताला लागायच्या आत ओल्या हिरव्या पायऱ्यांवरून टकाटक वर चढली. वरच्या कठड्याला टेकून तिनं साऱ्या पेठेकडं पाहिलं आणि बें केलं.

"घ्या," हिंदुराव म्हणाले. "तपासणी झाली."

बोळात सगळे हसले. काशम्मा मात्र जिन्याच्या पायथ्याशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. "माझ्याच जिभेनं," त्या पुटपुटत होत्या. "माझ्याच जिभेनं मी माझ्या पोरींची वाट काढली की गं."

"अव्वा," चंद्रिका कानडीतच म्हणाली, "ती जीभ माझ्या आईची पण आहे." काशम्मांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. मग एकदम दोन्ही हातांनी तिच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली.

एक गोष्ट राहिली होती. दुसरी वाट खरोखर चालते का, ते अहवाल लिहिणाऱ्यानं स्वतः बघायचं असतं. चंद्रिकानं चपला खाली काढल्या आणि शेळीच्या खुरांच्या ठशांवर पाय ठेवत ती वर गेली. शेळी बाजूला सरली. हिरवं दार आतून कडी लावलेलं होतं. पलीकडं खोलीत कुणाचीतरी चाहूल होती. खाली रस्त्याच्या बाजूनं एका पुरुषाचा जाड, गावाकडचा आवाज येत होता, "पायल हितंच राहती न्हवं?" आणि सोमेश त्याला सांगत होता, "या आबा, बसा. चहा घ्या आधी. घराला काही झालेलं नाही."

चंद्रिकानं हिरव्या झालेल्या मुठीनं दार वाजवलं.

"कोण हाय?"

बोळातली सगळी माणसं वर बघत होती. झोन कार्यालयाच्या बिराजदार मॅडम, ज्यांच्या मराठीला इथं अजून कुणी बोट लावलं नव्हतं, त्यांनी गळा मोकळा केला.

"मी गं, चंद्रिका," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "पायल, दार काढ!"

आत पावलं वाजली. मग कडी सरकली आणि दार सताड उघडलं. पायल उभी होती. हातात पिशवीतनं बाहेर घेतलेली चादर, खाटेवर पुन्हा अंथरायला अर्धी उलगडलेली.

"काढलं, मॅडम," ती म्हणाली. "आता मिटत न्हाय."